मंगळवारी शाळा भरली, पण घाव कुणाला लागला?
लॉस एंजेलिस युनिफाइड या शालेय व्यवस्थेवरचा २०२२ चा सायबर हल्ला : परिणाम मोजण्याचं एक प्रकरण

६ सप्टेंबर २०२२, मंगळवार. लेबर डेला जोडून आलेले सुट्टीचे दिवस संपले आणि लॉस एंजेलिसमधल्या सरकारी शाळा नेहमीच्या वेळी भरल्या. बसगाड्या आल्या, मुलांना खाणं मिळालं, वर्ग सुरू झाले. शिक्षक संगणकापुढे बसले तेव्हा मात्र हजेरी भरता येईना, साठवून ठेवलेली पाठांची टिपणं उघडेनात. मग कागद निघाले, हजेरी हातानं लिहिली गेली आणि तास पुढे सरकला.

हल्ला झाला होता शनिवारी रात्री. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शालेय व्यवस्थेत रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं होतं, तरी शाळेचा एकही दिवस बुडला नाही. यंत्रणेनं ही गोष्ट अभिमानानं सांगितली आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पुढच्या सहा महिन्यांत जे बाहेर आलं ते पाहिलं, की ‘बुडालेले दिवस : शून्य’ या आकड्यावर विसंबून नुकसानीचा अंदाज बांधणं किती चुकीचं होतं ते कळतं. ज्यांना सर्वांत खोल घाव लागला, त्यातले बहुतेकजण त्या मंगळवारी कुठल्याच वर्गात बसलेले नव्हते. या प्रकरणाकडे मी त्यांच्या बाजूनं पाहणार आहे.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतलं ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. सरकारी शाळा चालवणारं ते स्वतंत्र मंडळ असतं आणि बहुतेक ठिकाणी त्याचे सदस्य लोक निवडून देतात. लॉस एंजेलिस युनिफाइडच्या मंडळावर असे ७ सदस्य असतात आणि कारभार पाहायला ते एक अधीक्षक नेमतात. हजाराच्या आसपास शाळा, स्वतःच्या मोजणीप्रमाणे ५ लाखांहून अधिक विद्यार्थी, ७० हजारांच्या वर कर्मचारी, असा २०२२ साली हा पसारा होता. बहुसंख्य मुलं लॅटिनो कुटुंबांतली, त्यातही कष्टकरी घरांतली. शाळेत मिळणारं जेवण अनेकांच्या घरच्या हिशेबात धरलेलं असतं. म्हणून अशी व्यवस्था एक दिवस बंद ठेवणंसुद्धा सोपं नसतं.

तेव्हाचे अधीक्षक अल्बर्टो कार्व्हाल्यो फेब्रुवारी २०२२ मध्ये मायामीहून आले होते. तिथं २०२० साली ऑनलाइन शाळेच्या पहिल्याच आठवड्यात सर्व्हरवर बनावट मागण्यांचा भडिमार झाला होता आणि त्या प्रकरणी १६ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला अटक झाली होती. म्हणजे सायबर हल्ला ही गोष्ट त्यांना अगदी नवखी नव्हती. लॉस एंजेलिसला मात्र जे घडलं ते पोराटोरांचं काम नव्हतं.

शनिवारची रात्र

३ सप्टेंबरला रात्री साडेदहाच्या सुमारास तंत्रज्ञांना काहीतरी विपरीत चालल्याचं दिसलं. वेळ मुद्दाम निवडलेली होती, हे उघड आहे. लांब सुट्टीच्या शनिवारी रात्री कार्यालयात कुणी नसतं आणि फाइली कुलूपबंद करायला हल्लेखोरांना दोन-अडीच दिवस मोकळे मिळतात. सुट्टीच्या दिवसांत असे हल्ले वाढतात, हा इशारा एफबीआय आणि अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा यांनी वर्षभर आधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

तंत्रज्ञांनी जवळजवळ सगळी यंत्रणा स्वतःच्या हातानं बंद केली. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं कोसळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी घेता येणारा सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता. रॅन्समवेअर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पसरतं ते बहुतेक वेळा चोरलेल्या प्रशासकीय खात्यांच्या आधारे. नेटवर्क चालू ठेवून ‘आधी काय झालंय ते बघू’ म्हणत बसलं, की बघता बघता सगळंच जातं. इथं सर्वांत जास्त मार बसला तो इमारती आणि बांधकामं सांभाळणाऱ्या विभागाला. त्या वेळी ‘इमारतींचा विभाग’ हे शब्द ऐकून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्या विभागाकडे असून असून काय असणार, तर नकाशे आणि कंत्राटं! पुढे याच विभागाच्या कागदांनी काय उजेडात आणलं ते येईलच.

सोमवारी रात्री जाहीर निवेदन आलं. व्हाइट हाउसपर्यंत फोन गेले, एफबीआय, सिसा आणि केंद्रीय शिक्षण विभागाची माणसं मदतीला आली. मंगळवारी एफबीआय आणि सिसा यांनी ‘व्हाइस सोसायटी’ या टोळीबद्दल देशभरातल्या शाळांसाठी इशारा काढला. ही टोळी स्वतःचं कुलूप घडवत नाही, ‘हॅलो किटी’ आणि ‘झेपलिन’ यांसारखी दुसऱ्यांनी बनवलेली रॅन्समवेअर वापरते आणि शिक्षणक्षेत्रावर तिचा विशेष डोळा आहे, असं त्यात म्हटलं होतं. लॉस एंजेलिसचं काम आपणच केल्याचं या टोळीनं नंतर सांगितलं.

पहिला हिशेब : वेळ आणि पासवर्ड

पुढचे काही दिवस गेले ते पासवर्डात. डिस्ट्रिक्टच्या प्रत्येक खात्याचा, म्हणजे शिक्षक, कारकून, स्वयंपाकघरातले कर्मचारी आणि विद्यार्थी अशा सगळ्यांचा पासवर्ड बदलायचा होता. तोही घरी बसून नाही, तर शाळेत किंवा डिस्ट्रिक्टच्या जागेत येऊन, आतल्या नेटवर्कवरून. कारण चोरलेलं खातं वापरून बाहेरच्यानंच पासवर्ड बदलून घेतला तर सगळी मेहनत पाण्यात.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पहिली-दुसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. अक्षरं नुकती ओळखू लागलेलं मूल नवा पासवर्ड काय ठरवणार आणि काय लक्षात ठेवणार? ते काम बाईंचंच. एक मूल खात्यात शिरेपर्यंत बाकीची चुळबुळ करतात, मधेच एकाचं पान अडकतं, दुसऱ्याला कालचाच पासवर्ड आठवत नसतो. वर्गागणिक असा वेळ गेला आणि तो कुणाच्याच हिशेबात आला नाही, कारण त्या दिवशी शाळा ‘चालू’ होती. शिकवण्याचे तास बुडाले, दिवस बुडाला नाही.

हजेरीचीही एक गोष्ट बाहेरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियात शाळांना राज्याकडून मिळणारा पैसा पटावरच्या मुलांच्या संख्येवर ठरत नाही. वर्षभरात रोज सरासरी किती मुलं प्रत्यक्ष हजर होती, त्यावर तो ठरतो. म्हणजे हजेरीची प्रणाली बंद पडणं हा नुसता कागदोपत्री खोळंबा नसतो, उत्पन्नाची मूळ नोंदच त्यात अडकलेली असते. कागदावर घेतलेली प्रत्येक हजेरी नंतर कुणाला तरी संगणकात भरावी लागते.

पुढे मंडळानं अधीक्षकांना एक वर्षापुरते आणीबाणीचे अधिकार दिले, म्हणजे निविदांची लांबलचक प्रक्रिया टाळून सुरक्षेची कामं देता यावीत. खात्यात शिरताना पासवर्डाबरोबर दुसरा पुरावा मागणारी पद्धत हल्ल्याआधी आणायला घेतली होती, ती आता घाईनं सगळीकडे लागू झाली. घुसखोरांनी मागे पेरून ठेवलेले सापळे शोधून काढल्याशिवाय कुठलीही प्रणाली पुन्हा सुरू करायची नाही, असं धोरण ठेवलं गेलं. ते धीम्या गतीचं होतं, तरी योग्यच होतं.

या पहिल्या हिशेबात यंत्रणा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन.

खंडणी

रॅन्समवेअर म्हणजे ‘फाइली कुलूपबंद करून किल्लीचे पैसे मागणं’ अशी आपली समजूत असते. त्यावर उतारा ठाऊक आहे : वेगळा ठेवलेला, चालू स्थितीतला बॅकअप. पण गेल्या काही वर्षांत टोळ्यांनी धंदा बदलला. कुलूप लावण्याआधी त्या फाइलींची नक्कल उचलून नेतात आणि मग दोन धमक्या देतात. किल्ली हवी असेल तर पैसे द्या, आणि किल्ली नको असेल तरी पैसे द्या, नाहीतर सगळं इंटरनेटवर टाकतो. पहिल्या धमकीला बॅकअप हे उत्तर आहे, दुसरीपुढे त्याचा काहीच उपयोग नाही.

टोळीनं ५०० जीबी माहिती नेल्याचा दावा केला आणि ४ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली. ३० सप्टेंबरला डिस्ट्रिक्टनं पैसे देणार नसल्याचं जाहीर केलं. पैसे दिले तरी माहिती परत मिळण्याची हमी नसते आणि जनतेचा पैसा मुलांवर खर्च झालेला बरा, अशी त्यामागची भूमिका होती. १ ऑक्टोबरला, मुदतीआधीच, टोळीनं माहितीचा ढीग डार्क वेबवर, म्हणजे नेहमीच्या शोधयंत्रांना न दिसणाऱ्या इंटरनेटच्या कोपऱ्यात, ओतला.

पैसे न देण्याचा निर्णय बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. एका डिस्ट्रिक्टनं पैसे मोजले की पुढच्या दहा डिस्ट्रिक्टवर नजर जाते, आणि चोरानं ‘नक्कल पुसली’ म्हटलं म्हणून ती पुसली गेली असं धरून चालणं हा भाबडेपणा आहे. मात्र बरोबर निर्णयालाही किंमत असते. ती किंमत निर्णय घेणाऱ्यांना मोजावी लागली नाही. ज्यांच्या फाइली त्या ढिगात होत्या त्यांनी ती मोजली, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. अशा वेळी पैसे नाकारणाऱ्यावर एक जबाबदारी आपोआप येते : त्या ढिगात कोण कोण आहे हे लवकरात लवकर शोधायचं आणि त्यांना सांगायचं. हे प्रकरण इथंच घसरलं.

दोन दिवसांत दिलेला दिलासा

ढीग बाहेर पडला शनिवारी. सोमवारी, ३ ऑक्टोबरला, अधीक्षकांनी पत्रकारांना सांगितलं की विद्यार्थ्यांच्या माहितीला मोठ्या प्रमाणावर धक्का लागल्याचा पुरावा नाही. काही विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी आहेत, पण खरी झळ इमारत विभागाच्या कंत्राटदारांना. मुलांचे मानसशास्त्रीय अहवाल बाहेर आल्याची बातमी एका वाहिनीनं दिली होती, तीही त्यांनी फेटाळली. पालकांसाठी फोनची हेल्पलाइन सुरू झाली.

५०० जीबी म्हणजे किती, याचा अंदाज द्यायला हवा. हा ढीग एखाद्या नीटनेटक्या तक्त्यासारखा नसतो, की ‘विद्यार्थी’ शब्द शोधला आणि यादी आली. त्यात स्कॅन केलेली पानं असतात, फोटो असतात, कुणीतरी ‘नवीन फोल्डर २’ असं नाव देऊन ठेवलेल्या नकला असतात. एखादा अहवाल चित्राच्या रूपात स्कॅन केलेला असेल तर त्यातलं मुलाचं नाव शोधयंत्राला दिसतच नाही. आधी अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, त्यातून सुटलेलं माणसांनी पान पान उघडून पाहावं लागतं. अशा चाळणीला महिने लागतात. दोन दिवसांत ‘आम्हाला अजून सापडलं नाही’ एवढंच म्हणता येतं, आणि तेच म्हणायला हवं होतं. ‘पुरावा नाही’ हे वाक्य घाबरलेल्या आईच्या कानी ‘तुमचं मूल सुरक्षित आहे’ असंच पोचतं.

त्या वेळच्या ताणाची मला कल्पना आहे. लाखो पालक उत्तर मागत असताना ‘माहीत नाही’ म्हणणं कठीण असतं. पण चुकीच्या दिलाशाचं नुकसान पुढच्या प्रत्येक निवेदनाला भोवतं.

जानेवारी २०२३ मध्ये कंत्राटदारांच्या कामगारांना जी पत्रं गेली, त्यांतून दोन गोष्टी कळल्या. पहिली, घुसखोर ३ सप्टेंबरला आत आलेच नव्हते. ते ३१ जुलैपासून आत होते. शनिवारी रात्री दिसली ती त्यांच्या मुक्कामाची शेवटची रात्र. पाच आठवडे ते यंत्रणेत फिरत होते. दुसरी गोष्ट, बाहेर पडलेल्या कागदांत मजुरांचे वेतनपट होते, नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकासकट. अमेरिकेत नोकरी, कर, कर्ज या सगळ्यांसाठी लागणारा सरकारी ओळखक्रमांक तो हाच.

सुतार, गवंडी, वायरमन यांचे क्रमांक शाळेकडे कशाला? तर सरकारी बांधकामावर कंत्राटदार मजुराला ठरलेली मजुरी देतो की नाही हे तपासण्यासाठी, कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याप्रमाणे कंत्राटदारानं प्रमाणित वेतनपट ठेवायचे असतात. मजुराची पिळवणूक होऊ नये म्हणून गोळा केलेल्या कागदानंच मजुराची ओळख चोरांच्या हाती दिली. कधीकाळी एखाद्या शाळेचं छप्पर दुरुस्त करून गेलेला माणूस. त्याचं मूल त्या शाळेत नाही, तो स्वतः तिथं शिकलेला नाही, हल्ल्याची बातमी आली तेव्हा तिच्याशी आपला काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

फेब्रुवारी २०२३

२२ फेब्रुवारीला ‘द ७४’ या शिक्षणविषयक वृत्तसंस्थेनं बातमी दिली, की डार्क वेबवरच्या त्या ढिगात विद्यार्थ्यांचे मानसशास्त्रीय मूल्यांकन अहवाल आहेत. मग डिस्ट्रिक्टनं मान्य केलं : सुमारे २,००० विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनाच्या नोंदी बाहेर पडल्या आहेत आणि त्यांतले ६० जण सध्या शाळेत आहेत.

हे अहवाल काय असतात, ते जवळून पाहिल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही. अमेरिकेत अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य शिक्षण देणं १९७५ च्या कायद्यापासून शाळेवर बंधनकारक आहे. एखादं मूल मागे पडतंय, गप्प बसतंय, हाणामारी करतंय, असं दिसलं की शाळेतले मानसशास्त्रज्ञ त्याचं मूल्यांकन करतात आणि त्यावरून त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ठरतो. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते.

अशा अहवालाची सुरुवात साधारण जन्मापासून होते. बाळंतपण कसं झालं, गरोदरपणात काही आजार, औषधं, व्यसन होतं का. मूल कधी चालायला लागलं, कधी बोलायला लागलं. मग घर : आईवडील एकत्र आहेत का, घरात कोणती भाषा बोलतात, कुणाला मानसिक आजार आहे का, मुलानं काही भयंकर पाहिलंय किंवा सोसलंय का. पुढे चाचण्यांचे गुण, शिक्षकांची निरीक्षणं आणि स्वतः मुलाचं बोलणं. ‘तुला कशाची भीती वाटते?’ या प्रश्नाला आठ वर्षांच्या मुलानं दिलेलं उत्तर तिथं अवतरणचिन्हांत लिहिलेलं असू शकतं. आईनं हे सगळं बंद खोलीत सांगितलेलं असतं, आणि सांगते ती एकाच आशेनं, की आपल्या लेकराला मदत मिळेल.

कॅलिफोर्नियात या मूल्यांकनांना आणखी एक दुखरा इतिहास आहे. बुद्ध्यंक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या वर्गांत टाकलं जायचं. लॅरी पी. या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७९ साली केंद्रीय न्यायालयानं त्यावर बंदी आणली. म्हणजे ‘शाळा माझ्या मुलाबद्दल काय लिहून ठेवते’ ही धास्ती तिथल्या अनेक कुटुंबांत पिढीजात आहे. अशा पालकांचा विश्वास मिळवून संमतीच्या कागदावर सही घेणं हे मानसशास्त्रज्ञांचं अर्धं काम असतं.

कायद्याप्रमाणे हे मूल्यांकन किमान दर तीन वर्षांनी पुन्हा करायचं असतं. एका मुलाचे बालवाडीपासून बारावीपर्यंत तीन-चार अहवाल होतात. मूल शाळा सोडतं, मोठं होतं, नोकरीला लागतं आणि अहवाल सर्व्हरवर तसेच राहतात. २,००० मधले ६० वजा केले की उरलेले सुमारे १,९४० हे असे माजी विद्यार्थी.

त्यांना शोधणार कसं? डिस्ट्रिक्टकडे असलेला पत्ता ते पाचवीत होते तेव्हाचा. त्यानंतर घरं बदलली, लग्नानंतर काहींची आडनावं बदलली, काही राज्य सोडून गेली. आईचा त्या वेळचा फोन नंबर आता भलत्याच कुणाकडे. तेव्हा शाळेत असलेल्या ६० जणांना वर्गातून बोलावता येत होतं, बाकीच्यांच्या हाती पत्र पडेलच याची काहीच खात्री नव्हती. शिवाय पत्र पोचलं तरी त्यात काय लिहायचं? ‘तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक फुटला, तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये म्हणून पतनोंद गोठवून घ्या’ हे सांगता येतं. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे तशी मोफत सोय आहे आणि २०१८ पासून १६ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनाही ती विनामूल्य मिळते. पण ‘तुम्ही नऊ वर्षांचे असताना तुमच्या आईनं तुमच्याबद्दल जे सांगितलं ते बाहेर गेलं’ यावर गोठवायला काही नाही.

कायद्यातली फट

हाच अहवाल खासगी दवाखान्यात तयार झाला असता तर तो आरोग्य-माहितीच्या ‘हिपा’ कायद्यात आला असता, आणि फुटल्याचं कळल्यापासून ६० दिवसांच्या आत रुग्णाला कळवणं बंधनकारक ठरलं असतं. शाळेनं ठेवलेला म्हणून तो शैक्षणिक नोंद धरला जातो आणि १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याखाली येतो. त्या कायद्यात माहिती फुटल्याचं संबंधितांना कळवण्याची सक्तीच नाही. त्याच्या आधारे कुटुंबाला थेट दावाही लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलंय. उरतो तो राज्याचा कायदा, आणि त्यात त्या वेळी दिवसांची मुदत नव्हती, ‘विनाकारण विलंब न लावता’ एवढंच होतं. कागद तोच, मूलही तेच. फक्त फाइल कुठल्या इमारतीत ठेवली, त्यावर आईला ६० दिवसांत कळणार की कधीतरी, हे ठरतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अन्यायाची वाटते ती ही गोष्ट.

कोणत्या पट्टीनं मोजायचं

शाळांवरच्या सायबर हल्ल्यांचा परिणाम मोजण्याची अमेरिकेत एक सरकारी पट्टी आहे. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओ या संस्थेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे लॉस एंजेलिसचा ढीग फुटला त्याच महिन्यात, एक अहवाल काढला. त्यानुसार हल्ल्यानंतर शिक्षणाचं नुकसान ३ दिवस ते ३ आठवडे एवढं झालं होतं आणि यंत्रणा सावरायला २ ते ९ महिने लागले होते. आर्थिक नुकसान ५० हजार ते १० लाख डॉलरपर्यंत सांगितलं गेलं होतं.

या पट्टीवर लॉस एंजेलिस ठेवून पाहा. शिक्षणाचं नुकसान जवळपास शून्य. इतक्या अवाढव्य व्यवस्थेला हे जमलं म्हणून कौतुकच व्हायला हवं. पण ते २,००० अहवाल या पट्टीच्या कुठल्या खुणेवर येतात? कुठल्याच नाही. ते दिवसांत मोजता येत नाहीत आणि डॉलरमध्येही येत नाहीत, कारण डिस्ट्रिक्टचा त्यांच्यावरचा खर्च टपालाचा आणि ओळख-देखरेखीच्या सेवेचा. बाकीचं नुकसान त्या १,९४० जणांच्या आयुष्यात पडतं.

मी हा हिशेब मांडला असता तर ‘कुणाचं’ या प्रश्नापासून सुरुवात केली असती. आज वर्गात असलेली मुलं एका रकान्यात : त्यांचे बुडालेले तास, पासवर्डांत गेलेला आठवडा. दुसऱ्यात कर्मचारी आणि कंत्राटी मजूर : त्यांची आर्थिक ओळख. तिसऱ्यात शाळा सोडून गेलेले. आणि चौथा रकाना अजून न आलेल्यांचा. उद्या ज्या आईला संमतीच्या कागदावर सही करायची आहे ती काय करेल? घरातल्या व्यसनाबद्दल, मारहाणीबद्दल ती मानसशास्त्रज्ञाला खरं सांगेल, की ‘तसं काही नाही’ म्हणून उठेल? ती गप्प राहिली तर मूल्यांकन अर्धवट होईल, आराखडा चुकेल आणि मुलाला हवी ती मदत मिळणार नाही. हे नुकसान कुठल्याच सर्व्हरवर दिसत नाही, तरी माझ्या मते चारही रकान्यांत सर्वांत लांब पोचणारं हेच आहे.

मग असे अहवाल मुळात चालू नेटवर्कवर होते कशाला, हा प्रश्न उरतोच. विशेष शिक्षणाच्या नोंदी काही वर्षं जपून ठेवाव्याच लागतात, कारण मोठेपणी कॉलेजमध्ये किंवा सरकारी मदतीसाठी अर्ज करताना त्याच माणसाला त्या लागू शकतात. पण जपणं वेगळं आणि रोज हजारो खात्यांची ये-जा असलेल्या यंत्रणेत पडू देणं वेगळं. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची फाइल वेगळ्या, कुलूपबंद, नेटवर्कपासून तोडलेल्या जागी हलवायला कुठलं महागडं तंत्रज्ञान लागत नाही. वर्षाच्या शेवटी कुणीतरी यादी घेऊन बसावं लागतं. निकाल लावून झाल्यावर, सुट्टी लागण्याआधीचे चार दिवस. त्याच बैठकीत, शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाकडून पुढे संपर्कासाठी एक चालू पत्ता मागून ठेवला, तर निदान पत्र कुठं पाठवायचं एवढं तरी हाताशी राहील.